पदवीनंतर सिल्वासात : पहिल्या वर्षासाठी माहिती

जून-जुलैत निकाल लागले की आपल्याकडे ओळखीपाळखीतून विचारणा सुरू होते. कुणाच्या भाच्याला सिल्वासात नोकरी लागलेली असते, कुणाच्या मुलीला औषध कंपनीच्या क्वालिटी विभागात घेतलेले असते. प्रश्न ठरलेले असतात. जागा कुठे मिळेल? जेवणाचे काय? भाषा कोणती? घरी यायला किती वेळ लागेल? नव्याने आलेल्या पदवीधर आणि पदविकाधारक मुलामुलींना आणि त्यांच्या घरच्यांना उपयोगी पडावी म्हणून ही माहिती एकत्र केली आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगायला हवी. सिल्वासा महाराष्ट्राच्या अगदी शेजारी आहे, आणि बऱ्याच मुलांची अडचण त्यातूनच सुरू होते. परदेशी गेलेल्या मुलाला घर मांडावेच लागते. इथे आलेला मुलगा मात्र शनिवारी पिशवी भरून घरी जातो, सोमवारी परत येतो आणि आपण इथे तात्पुरते आहोत असे धरून चालतो. असे करता करता वर्षे निघून जातात. कागदपत्रे अर्धवट राहतात आणि शहराची ओळखही होत नाही.

हे शहर कोणते?

सिल्वासा हे महाराष्ट्रातही नाही आणि गुजरातमध्येही नाही. ते दादरा आणि नगर हवेली व दमण आणि दीव या केंद्रशासित प्रदेशात येते. पूर्वी दादरा आणि नगर हवेली हा स्वतंत्र केंद्रशासित प्रदेश होता. २६ जानेवारी २०२० रोजी दोन्ही प्रदेश एक झाले आणि राजधानी दमण ठरली. इथे विधानसभा नाही. कारभार केंद्राने नेमलेले प्रशासक पाहतात. उच्च न्यायालय मात्र मुंबईचेच आहे.

इथला आणि मराठी माणसाचा संबंध जुना आहे. १७७९ साली मराठे आणि पोर्तुगीज यांच्यात झालेल्या तहानंतर १७८३ साली नगर हवेलीतील गावांचा महसूल पोर्तुगिजांकडे गेला. १७८५ साली दादराही त्यांच्याकडे आले. १९५४ सालापर्यंत सिल्वासा हे खरोखरच परदेशी शहर होते. त्या वर्षी जुलैत दादरा आणि २ ऑगस्टला सिल्वासा मुक्त झाले. या लढ्यात संगीतकार सुधीर फडके आणि शिवशाहीर बाबासाहेब पुरंदरे यांचाही सहभाग होता. दमणहून इथे येण्याच्या हक्कासाठी पोर्तुगालने हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा लावला. एप्रिल १९६० मध्ये त्याचा निकाल लागला, तेव्हा इथे सैन्य किंवा पोलीस नेण्याचा हक्क पोर्तुगालला मिळाला नाही. ११ ऑगस्ट १९६१ रोजी हा प्रदेश भारतात विलीन झाला. २ ऑगस्टला इथे मुक्तिदिन साजरा होतो.

१९६१ च्या जनगणनेत सगळ्या दादरा आणि नगर हवेलीची लोकसंख्या ५८ हजारांच्या आत होती. २०११ मध्ये ती ३,४३,७०९ झाली आणि एकट्या सिल्वासाची ९८,२६५. कर-सवलतींमुळे सूत, प्लास्टिक, धातू आणि औषधांचे कारखाने इथे आले आणि त्यांच्यामागोमाग देशभरातून माणसे आली. त्यामुळे इथे बाहेरचे असणे यात नवल काहीच नाही. मूळ रहिवासी मात्र वारली, कोकणा, धोडिया आदी आदिवासी समाज आहेत. आपण त्यांच्या गावात राहायला आलो आहोत, ही जाणीव असावी.

हद्दींचे भान

वापीहून सिल्वासाला येताना वाटेत दादरा लागते. दादरा हा वेगळा तुकडा आहे. दादरा आणि सिल्वासा यांच्यामध्ये गुजरातची चिंचोळी पट्टी आहे. म्हणजे एकाच रिक्षात बसून तुम्ही गुजरात, केंद्रशासित प्रदेश, पुन्हा गुजरात आणि पुन्हा केंद्रशासित प्रदेश असा प्रवास करता. रस्त्यावरून हे कळतही नाही.

कायद्याच्या दृष्टीने मात्र हा फरक मोठा आहे. सिल्वासात दारूविक्रीला परवानगी आहे, गुजरातमध्ये दारूबंदी आहे. इथे रीतसर विकत घेतलेली बाटली पिशवीत घेऊन वापी किंवा भिलाड स्टेशनकडे निघालात, तर वाटेत तो गुन्हा ठरतो. माणसाला अटक होते, गाडी जप्त होते. मित्राने गावी न्यायला सांगितली म्हणून किंवा गाडीत कुणी ठेवली म्हणून सुटका होत नाही. नोकरीच्या पहिल्याच वर्षी नावावर गुन्हा लागणे म्हणजे काय, हे मुलांना घरच्यांनीही स्पष्ट सांगावे.

गावाकडची मोटारसायकल आणणाऱ्यांनीही लक्षात ठेवावे. एका राज्यात नोंदलेले वाहन दुसरीकडे बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवायचे असेल तर तिथे नव्याने नोंदणी करावी लागते. त्यासाठी मूळ आरटीओचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. गावी गेलात की तेवढे काम उरकून या.

ये-जा

सिल्वासाला रेल्वे नाही. जवळचे मोठे स्टेशन वापी, सुमारे १८ किलोमीटरवर. तिथून बस आणि शेअर रिक्षा मिळतात. मुंबई सेंट्रल ते वापी अंतर सुमारे १७० किलोमीटर आहे. संध्याकाळी मुंबई सेंट्रलहून सुटणारी फ्लाइंग राणी वापीला थांबते. मुंबईची लोकल डहाणू रोडपर्यंतच येते, पुढे दुसरी गाडी घ्यावी लागते. कंपनी नरोलीच्या बाजूला असेल तर भिलाड स्टेशन सोयीचे पडते.

जागा कुठे घ्यावी?

आधी कंपनी कुठे आहे ते पाहा, मग खोली शोधा. पिपरिया आणि आमली शहराला लागून आहेत. मसाट, रखोली, खडोली, सायली, नरोली आणि दादरा इथेही कारखाने आहेत, पण ते वेगवेगळ्या दिशांना. कंपनीची बस असेल तर तिचे थांबे कोणते आणि रात्रपाळीला ती येते का, हे रुजू होण्याआधीच विचारावे. मुलींच्या बाबतीत हा प्रश्न भाड्याच्याही आधीचा आहे.

पहिला महिना कंपनीच्या वसाहतीत किंवा सहकाऱ्यांसोबत काढून मग कायमची जागा घेतलेली बरी. इथे पाऊस जोरदार असतो आणि मधुबन धरणातून पाणी सोडले की दमणगंगेची पातळी वाढते. त्यामुळे नदीकाठच्या सखल भागात खोली घेताना मागच्या पावसाळ्यात काय झाले, हे शेजाऱ्यांना विचारून घ्या. घरमालकाशी लेखी भाडेकरार करा आणि डिपॉझिटची पावती घ्या. पोलिसांकडे द्यायची भाडेकरूची माहिती त्यांनी दिली की नाही, तेही पाहा. करार नसेल तर पुढे गॅस, बँक आणि आधारच्या पत्त्याची कामे अडतात.

नेमणूकपत्र नीट वाचा

कंपनीच्या फाटकातून आत गेलो म्हणजे कंपनीचे कर्मचारी झालो असे नसते. काही जण कंपनीच्या पगारपत्रकावर असतात, काही कंत्राटदारामार्फत, काही शिकाऊ उमेदवार म्हणून. शिकाऊ उमेदवारी असेल तर मिळते ते विद्यावेतन, पगार नव्हे. मुदत संपल्यावर नोकरी देणे कंपनीवर बंधनकारक नसते. पदवीधरांसाठी ही मुदत साधारण एक वर्षाची असते. हे वाईट आहे असे नाही; शिकायला ते वर्ष चांगले असते. पण घरी ‘कायम नोकरी लागली’ असे सांगण्याआधी कागदावर काय लिहिले आहे ते वाचावे.

पगारातून भविष्यनिर्वाह निधी कापला जात असेल तर आपला यूएएन क्रमांक मागून घ्या आणि रक्कम खरोखर जमा होते का, हे उमंग ॲपवर दर दोन-तीन महिन्यांनी पाहा. हा क्रमांक आयुष्यभर एकच राहतो. नोकरी बदलली तरी तोच द्यायचा, नवा काढायचा नाही. मासिक वेतन २१,००० रुपयांपर्यंत असेल तर ईएसआय लागू होतो का, तेही विचारा. मूळ प्रमाणपत्रे फक्त पडताळणीसाठी दाखवावीत आणि लगेच परत घ्यावीत.

भाषा

बाजारात गुजराती आणि हिंदी चालते, कारखान्यात बहुतेक हिंदी. खानवेलच्या बाजूला मराठी बऱ्यापैकी कानावर पडते. गुजराती शिकायला मराठी माणसाला फार वेळ लागत नाही. पगार, रजा, पावती हे शब्द दोन्हीकडे तेच. घोटाळा होतो तो सारख्या दिसणाऱ्या शब्दांत. शेजारच्या बेनने ‘जमी लीधुं?’ विचारले तर काम जमले का असे नव्हे, तर जेवलात का, असे त्या विचारत असतात. ‘दादा’ म्हणजे आपल्याकडे मोठा भाऊ, त्यांच्याकडे आजोबा. म्हणून तरुण दुकानदाराला ‘भाई’ म्हणावे. घरमालकांशी चार वाक्ये गुजरातीत बोललात तर त्यांचे वागणे बदललेले दिसेल.

शनिवारची पिशवी

घरी जाऊ नका असे कुणीच सांगणार नाही. पण पहिल्या सहा महिन्यांत महिन्यातले निदान दोन रविवार इथे काढा. दमणगंगेच्या काठावर जा, दादऱ्याच्या वनगंगा बागेत जा, आदिवासी संग्रहालय पाहा, खानवेलच्या रस्त्याने दुधनीपर्यंत एक चक्कर मारा. सोबत काम करणाऱ्या स्थानिक मुलाच्या घरी बोलावणे आले तर नक्की जा. आजारी पडलात तर विनोबा भावे सिव्हिल हॉस्पिटल आहे हे माहीत असू द्या. पण रात्री दोन वाजता तिथे कोण घेऊन जाईल, याचे उत्तर अशा रविवारीच तयार होते.

वर्षभर राहणार हे ठरले की मतदारयादीतील पत्ता बदलण्यासाठी आठ क्रमांकाचा अर्ज भरा. रोजचे पाणी, रस्ता, दिवे इथले वापरायचे आणि मत मात्र गावी द्यायचे, हे बरोबर नाही.

घरच्यांसाठी आणि आपल्यासाठी

आईवडिलांनी दर फोनवर ‘कधी येतोस?’ विचारण्याऐवजी एकदा स्वतः इथे यावे, खोली पाहावी, घरमालकांना भेटावे. मुलाचा अर्धा एकटेपणा तिथेच कमी होतो.

आपल्यापैकी जे वीस-पंचवीस वर्षांपूर्वी असेच एक पिशवी घेऊन वापीला उतरले, त्यांना हे सगळे ठाऊक आहे. तेव्हा कुणीतरी आपल्याला एक वेळ जेवायला बोलावले होते. गणपतीला किंवा कोजागरीला नवीन मुले दिसली तर त्यांचे नाव, गाव आणि कंपनी विचारा, आणि पुढच्या रविवारचे जेवण आपल्या घरी ठरवा. एकट्या मुलांना खोली द्यायला घरमालक कचरत असतील तर आपल्या ओळखीचा शब्द टाका. बाकीचे शहर ती मुले आपले आपण शोधतील.