दगडांचे थर आणि आपलें मंदिर



ज्युबिलीच्या निमित्तानें आपण आपल्या मंदिराचीं वर्षें मोजतों. परंतु मंदिराच्या पायाखालीं आपल्याहून जुना इतिहास असतो, त्याचेंही स्मरण या दिवशीं करणें योग्य होय.

स्पेन देशांत कॉर्दोबा येथील थोर मशिदीचें बांधकाम इ. स. ७८५ च्या सुमारास सुरू झालें. तींत जुन्या रोमन इमारतींचे खांब वापरले होते. १२३६ सालीं शहर ख्रिस्ती राजाच्या हातीं आलें व मशिदीचें कॅथेड्रल झालें. पुढें १५२३ पासून तिच्या मधोमध उंच ख्रिस्तमंदिर उभारण्यांत आलें. त्यासाठीं मधले कित्येक खांब काढावे लागले.

असेंच थर पाहण्यास इतकें दूर जावयास नको. २५ नोव्हेंबर १५१० रोजीं, संत कॅथरिनच्या सणाच्या दिवशीं, आफोन्सो द आल्बुकर्क यानें आदिलशाहीकडून गोवें घेतलें. ज्या वेशीनें तो आंत शिरला, तेथें संत कॅथरिनचें कपेल उभें राहिलें. १५३४ सालीं त्यास कॅथेड्रलाचा मान मिळाला. १५६२ सालीं जवळच आरंभिलेलें से कॅथेड्रलही याच संतेस वाहिलेलें आहे. थोड्या अंतरावर, संत कायेतानच्या मंदिरापाशीं, आदिलशाहाच्या वाड्याचा काळ्या दगडाचा दरवाजा आहे. त्यावरील कोरीव काम हिंदु देवळाच्या धाटणीचें दिसतें. १५५४ पासून १६९५ पर्यंत त्याच वाड्यांत पोर्तुगीज विजरई राहत. १८२० सालीं वाडा पाडला गेला. दरवाजा मात्र उरला.

वेशीवरचें तें कपेल विजयाची खूण होय. जेथें एकाचा विजय, तेथें दुसऱ्याचें दुःखही गाडलेलें असतें; तेथें प्रार्थना करणारानें तें विसरूं नये.

आपल्या पुण्याची हकीकत निराळी आहे. नाना पेठेंतील सिटी चर्चची जागा १७९२ सालीं सवाई माधवराव पेशव्यांनीं आपल्या पदरच्या ख्रिस्ती शिपायांच्या उपासनेसाठीं दिली. हल्लींची इमारत १८५२ सालची. हा पाया लढाईंत जिंकलेला नव्हे. अन्यधर्मी राज्यकर्त्यानें औदार्यानें दिलेला आहे. तेव्हां अशा दानावर उभ्या राहिलेल्या मंडळीनें आपलें दारही शेजाऱ्यांस उघडें ठेवावें. ज्युबिलीचें उपकारस्तवन त्याविना अपुरेंच राहील.