इव्हेंट लूप म्हणजे काय? सी भाषेतली ‘लिबयूव्ही’ लायब्ररी तो कसा चालवते?

एखाद्या चॅट अॅपच्या सर्व्हरला एकाच वेळी हजारो मोबाईल जोडलेले असतात, पण त्यातले बहुतेक बहुतांश वेळ गप्पच असतात. प्रत्येक जोडणीसाठी वेगळा थ्रेड ठेवला, तर हे सगळे थ्रेड नुसते मेमरी अडवून वाट बघत बसतील. त्यापेक्षा एसटी स्टँडवरच्या नियंत्रकाची पद्धत बरी. तो एकेका गाडीजवळ जाऊन उभा राहत नाही. केबिनमध्ये बसतो, गाडी लागली की तिची नोंद करतो आणि पुढच्या गाडीकडे वळतो. इव्हेंट लूप हेच करतो.

सी भाषेत असा लूप तयार देणाऱ्या लायब्ररी बऱ्याच आहेत : लिबइव्हेंट, लिबइव्ह, जीलिब. त्यातली लिबयूव्ही मोठ्या प्रमाणावर वापरात आली ती नोड जेएसमुळे. रायन डाल यांनी 2009 मध्ये नोड जेएस आणले, तेव्हा त्याखाली लिबइव्ह होती. ती युनिक्स वळणाची होती. विंडोजवर नोड चालवायचे ठरले तेव्हा अडचण आली, कारण लिनक्सचे ईपोल ‘आता वाचता येईल’ असे कळवते, तर विंडोजचे आयओसीपी ‘वाचून झाले’ असे कळवते. हा फरक पोटात घेणारा थर म्हणून 2011 मध्ये लिबयूव्ही जन्माला आली.

लूप तयार करणे अगदी सोपे आहे. ‘यूव्ही_लूप_टी’ प्रकाराचे एक चल घ्यायचे आणि त्याचा पत्ता ‘यूव्ही_लूप_इनिट’ला द्यायचा. शून्य परत आले तर काम झाले, ऋण आकडा आला तर चूक. मग ‘यूव्ही_रन’ हाक मारायची. तिला तीन रीती सांगता येतात. ‘डिफॉल्ट’ काम उरेपर्यंत फिरत राहते. ‘वन्स’ एकच फेरी मारते, पण हातात काही नसेल तर घटनेची वाट बघते. ‘नोवेट’ही एकच फेरी मारते आणि वाट मात्र बघत नाही.

‘काम उरेपर्यंत’ म्हणजे नक्की काय, इथे नवशिके हमखास अडखळतात. लूपमध्ये एकही हँडल (म्हणजे टायमर, सॉकेट अशी टिकून राहणारी वस्तू) सुरू केलेले नसेल आणि कुठली विनंतीही बाकी नसेल, तर ‘यूव्ही_रन’ त्याच क्षणी परत येते आणि प्रोग्राम काही न करता संपतो. उलट, दर सेकंदाला वाजणारा एखादा टायमर थांबवायचा राहिला, तर प्रोग्राम कधीच संपत नाही. टायमर चालू हवा पण त्याच्यासाठी लूप अडून राहायला नको, असे असेल तर ‘यूव्ही_अनरेफ’ वापरतात.

एका फेरीत लूप वेळ झालेले टायमर पाहतो, ऑपरेटिंग सिस्टीमला नव्या घटना विचारतो आणि प्रत्येक घटनेसाठी नेमून दिलेले फंक्शन, म्हणजे कॉलबॅक, चालवतो. हे सगळे एकाच थ्रेडवर होते. त्यामुळे एका कॉलबॅकने दोन सेकंद आकडेमोड केली, तर त्या दोन सेकंदांत बाकी सगळे ग्राहक ताटकळतात. फाइल वाचणे किंवा डोमेन नावाचा पत्ता शोधणे अशी अडवून ठेवणारी कामे लिबयूव्ही बाजूच्या थ्रेड पूलकडे देते. त्यात मुळात चारच थ्रेड असतात. चार संथ फाइल वाचनांनी ते अडले, की पाचवे रांगेत. ‘यूव्ही_थ्रेडपूल_साइझ’ या एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबलने ही संख्या वाढवता येते.

दुसऱ्या थ्रेडमधून लूपला हात लावायचा नाही. तिथून फक्त ‘यूव्ही_असिंक_सेंड’ने टकटक करायची. आणि पाच वेळा टकटक केली म्हणून कॉलबॅक पाच वेळा येईलच असे नाही, लूप त्या एकत्र करू शकतो. म्हणून मोजणी त्यावर सोडू नये.

सर्वांत जास्त घोटाळे होतात ते लूप बंद करताना. ‘यूव्ही_क्लोज’ म्हटल्याबरोबर हँडल बंद होत नाही. ते पूर्ण बंद झाल्याची वर्दी लूप पुढे कॉलबॅकमधून देतो. ती येण्याआधीच हँडलची मेमरी मोकळी केली, तर लूप मोकळ्या झालेल्या जागेत लिहितो. असा प्रोग्राम कधी लगेच कोसळतो, कधी आठवडाभर निमूट चालून मग कोसळतो. हा दुसरा प्रकार शोधायला महाकठीण. त्यामुळे मेमरी सोडायची ती त्या कॉलबॅकमध्येच.

हँडल उघडे असताना ‘यूव्ही_लूप_क्लोज’ला बोलावले, तर ती ‘ईबिझी’ ही चूक परत करते. अनेक जण हे उत्तर तपासतच नाहीत. योग्य क्रम असा : ‘यूव्ही_वॉक’ने सगळ्या हँडलवरून फिरायचे, जी आधीच बंद होत नाहीत ती बंद करायला सांगायचे, बंद झाल्याच्या वर्दी पोहोचाव्यात म्हणून ‘यूव्ही_रन’ पुन्हा एकदा चालवायची आणि मगच ‘यूव्ही_लूप_क्लोज’. आता शून्य परत आले, की लूपची स्वतःची मेमरीही बिनधास्त सोडता येते.