मिसिंग मारणारी पद्मिनी

आजचा एपिसोड इंजिनाच्या आवाजाने सुरू केला, तो मुद्दाम. हेडफोन लावले असतील तर ऐकलं असेल: धडधड चालू आहे, मधेच एक ठोका गाळला जातोय, पुन्हा धडधड. गॅरेजच्या भाषेत, गाडी मिसिंग मारतेय. आवाज आमच्या घरच्या प्रीमियर पद्मिनीचा, आजोबांच्या गाडीचा. सिग्नलला उभी राहिली की अख्खी थरथरायची, कधी बंदच पडायची. पण ॲक्सिलरेटर दाबला की शहाण्यासारखी पळायची. एका गॅरेजमध्ये सांगितलं, इंजिन खोलावं लागेल. खर्चाचा आकडा ऐकून बाबा म्हणाले, त्यापेक्षा भंगारात देऊ.

मी सॉफ्टवेअरवाला. लॉग न बघता सगळी सिस्टिम उघडायची, हे मला काही पटेना. पण या गाडीला लॉगच नाही! अमेरिकेत १९९६ पासून नव्या कारना ओबीडी-टू सक्तीचं झालं, आपल्याकडे ते बरंच नंतर आलं. अशा गाडीत मिसफायर झाला की स्कॅनरवर थेट कोड येतो. पी०३०३ म्हणजे तीन नंबरचा सिलिंडर. पद्मिनी त्याच्या कितीतरी आधीची. मग हे इंजिन मुळात आलं कुठून, हे वाचायला बसलो आणि फिरून सोलापुरातच पोचलो.

वालचंद हिराचंद. आपल्याकडे 'वालचंद' म्हटलं की आधी कॉलेज आठवतं, माणूस नंतर. जन्म सोलापूरचा, २३ नोव्हेंबर १८८२. लक्ष्मणराव फाटकांबरोबर रेल्वेची कंत्राटं घेऊन सुरुवात केली. १९१९ मध्ये सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन, म्हणजे जहाजं. १९४० मध्ये बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट, म्हणजे विमानं. मोटारीचा कारखानाही त्यांना तेव्हाच हवा होता, विश्वेश्वरय्याही त्यासाठी झटत होते. पण युद्धाच्या काळात इंग्रज सरकारने साथ दिली नाही. शेवटी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी राहिली आणि कारखाना कुर्ल्याला आला. आधी क्रायस्लरच्या गाड्या, मग फियाटच्या. फियाट ११०० इथे आली १९५४ मध्ये. वालचंद त्याच्या आदल्याच वर्षी, एप्रिल १९५३ मध्ये वारले. ज्या गाडीमुळे प्रीमियरचं नाव घरोघरी गेलं, ती त्यांनी आपल्या रस्त्यांवर पाहिलीच नाही.

तिचं १०८९ सीसीचं इंजिन तर त्याहून जुनं. त्याचं मूळ फियाटच्या १९३७ च्या मॉडेलमध्ये सापडतं. फियाटची प्रेसिडेंट झाली, प्रेसिडेंटची पद्मिनी झाली, इंजिनाचा सांगाडा मात्र तोच. लायसन्स राज, आयात बंद, बुकिंग केलं की वर्षानुवर्षं वाट बघा. बदल करायची कंपनीला गरजच काय? यावर मीही हसायचो. पण याची दुसरी बाजू गॅरेजमध्ये दिसली. इतकी वर्षं एकच इंजिन, म्हणून गावोगावच्या मिस्त्रींना ते तोंडपाठ झालं.

असे एक म्हातारे मिस्त्री सात रस्त्याजवळ सापडले. त्यांनी आधी गाडी नुसती चालू ठेवली आणि ऐकत बसले. आपण तोवर हिशोब करू. चार सिलिंडर, फोर-स्ट्रोक, आयडलिंगला समजा मिनिटाला ८०० फेरे. एका फेरीत दोन ठिणग्या, म्हणजे मिनिटाला १६००. दर ठिणगीसाठी डिस्ट्रिब्युटरमधले सीबी पॉइंट एकदा उघडतात, आणि ती फट अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी. त्यातला एक सिलिंडर मेला की क्रँकला अर्धी फेरी धक्काच मिळत नाही. वेगात असताना फ्लायव्हील ती उणीव झाकतं, सिग्नलला झाकत नाही. म्हणून उभी असतानाच थरथर जास्त.

मग त्यांनी रबरी मुठीच्या पक्कडने प्लगच्या वायरी एकेक करून काढल्या. एक नंबरची काढली, इंजिन आणखी लंगडलं. म्हणजे तो सिलिंडर काम करत होता. दोन नंबर, तेच. तीन नंबरची काढली, काहीच फरक नाही.

"तीन नंबर झोपलंय बघा," मिस्त्री म्हणाले.

झाला आमचा पी०३०३! पुढचं तर शुद्ध डीबगिंग. दोन आणि तीनचे प्लग अदलाबदल केले. मिसिंग तीनवरच राहिलं, म्हणजे प्लग ठीक. मग त्याच दोघांच्या वायरी अदलाबदल केल्या. आता मिसिंग दोनवर गेलं. वायर आतून तुटलेली. इंजिन खोलायला सांगणाऱ्याने एवढंही केलं नव्हतं, याचा मला अजून राग येतो.

वायर बदलली, चारही सिलिंडर बोलायला लागले, तरी आयडलिंगला गाडी नीट बसेना. बग एक नव्हता, दोन होते, आणि मोठ्याखाली धाकटा लपला होता. आता वायरी काढून बघितल्या तर चारही सिलिंडरना सारखाच फरक पडत होता, म्हणजे दोष सगळ्यांच्या सामाईक वाटेवर. कार्ब्युरेटरचा स्लो जेट काढला तर त्यात काळा चुरा. हा जेट मुख्यतः आयडलिंगला पेट्रोल देतो, म्हणून पळताना तक्रार नव्हती. चुरा पेट्रोलच्या जुन्या रबरी पाइपचा, आतून सोलून निघालेला.

आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं, आणि जुन्या पाइपांचं रबर इथेनॉलला टिकेलच असं नाही. आमच्या पाइपचं वयही झालं होतं, तेव्हा सगळा दोष इथेनॉलवर टाकणार नाही. पण गंमत बघा. इथेनॉल उसापासूनही येतं, आपला जिल्हा साखर कारखान्यांचा, आणि शेजारच्या इंदापूर तालुक्यात वालचंदनगरला साखर कारखाना काढला तोही वालचंदांनीच.

नवीन पाइप इथेनॉल चालणारा बसवला, फिल्टर टाकला, पॉइंट घासून फट लावली. इंजिन उघडलंच नाही. बाबांनी भंगाराचा विषय परत काढलेला नाही.

मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत २०२३ च्या ऑक्टोबरअखेर संपली, तेव्हा खूप फोटो फिरले होते. आमची अजून चालते. शेवटी दुसरी क्लिप लावतोय, दुरुस्तीनंतरची. नीट ऐकलं तर एक बारीक टकटक येईल. ते टॅपेट आहेत, रविवारी सेट करायचे आहेत.