नंबर घासलेली बंदूक

रत्नागिरी जिल्ह्यातल्या खेड्यात बंदूक ही काही मर्दुमकीची वस्तू नव्हती. कोयती, नांगर, इरलं, तशीच तीही शेतीच्या सामानातली. भात पोटरीला आलं, नाचणी-वरीला कणसं धरली की रात्री डुकरं उतरायची आणि दिवसा वानर-माकडं. डोंगरउतारावरची चिमूटभर जमीन. एका रात्रीत डुकरांचा कळप शिरला की वर्षाचा दाणा मातीत. म्हणून शेतात माळा घालून राखण करायची. सोबतीला बडवायला पत्र्याचा डबा आणि गोफण. वाडीत एखाद्या-दुसऱ्या घरी ठासणीची बंदूक असायची. नळीत दारू घालायची, चिंधी, मग छर्रे, पुन्हा चिंधी, गजाने ठासायचं आणि केप लावायची. बार झाला की डुक्कर मेलं नाही तरी पळायचं, आणि राखणदाराला धीर यायचा.

बंदुकीइतकंच जपलं जायचं ते तिच्या परवान्याचं बुक. सातबाऱ्याच्या उताऱ्याबरोबर ट्रंकेत, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं. म्हातारी माणसं सांगायची, “बंदूक गंजली तर चालेल, बुक भिजता कामा नये.”

या बुकामागे मोठा इतिहास आहे. 1857 च्या उठावानंतर इंग्रज सरकारने लोकांची हत्यारं काढून घेतली आणि 1878 मध्ये, लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत, हत्यारांचा कायदा आणला. गोऱ्यांना सूट आणि इथल्या माणसाला परवाना, असा तो मामला. 1887 च्या मद्रास अधिवेशनात काँग्रेसने त्याविरुद्ध ठराव केला. रानटी जनावरांपासून पीक राखायला बंदूक हवी, हे मात्र त्या सरकारलाही नाकारता आलं नाही. ‘शेतीसंरक्षणाचा परवाना’ कोकणात रुजला तो तिथून. स्वातंत्र्यानंतर 1959 चा शस्त्र कायदा झाला आणि 1 ऑक्टोबर 1962 पासून तो लागू झाला. तोच आजही चालतो.

या कायद्यातल्या दोन गोष्टी शेतकऱ्याने पाठ कराव्यात अशा आहेत. पहिली म्हणजे नंबर. बंदुकीवर कारखान्याचं नाव, क्रमांक किंवा ओळखीची खूण कोरलेली हवी. ती खोडलेली असेल, तर ज्याच्या ताब्यात बंदूक सापडली त्यानेच ती खोडली असं धरून चालतात. तसं नाही हे त्याने सिद्ध करायचं. दुसरी गोष्ट पंचेचाळीस दिवसांची. आपली परवान्याची बंदूक दुसऱ्या परवानेवाल्याला विकायची असेल, तर घेणाऱ्याचं नाव-पत्ता लिहून जिल्हाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला कळवायचं, आणि त्यानंतर 45 दिवस थांबायचं. पुष्कळांना हे उगाचचं झंझट वाटतं. त्या दिवसांचा उपयोग काय, ते आमच्या वाडीला एका वर्षी कळलं.

सिंधुदुर्ग जिल्हा रत्नागिरीतून वेगळा झाला 1 मे 1981 रोजी. त्यानंतरच्या काही वर्षांतली ही गोष्ट. शेजारच्या काकांची ठासणीची बंदूक जुनी झाली होती. पावसात दारू सर्द व्हायची, केप फुसकी जायची. त्यांनी काडतुसाच्या एकनळीसाठी अर्ज केला आणि खरेदीची परवानगी मिळवली. बैलांच्या व्यवहारात ओळखीचा झालेला घाटावरचा एक माणूस म्हणाला, “वडिलांची बंदूक आहे, वडील वारले, घरात कुणाला नको.” किंमत दुकानातल्या निम्म्याहून कमी सांगितली. आंब्याचे पैसे हातात होते. कोऱ्या कागदावर चार ओळींची पावती झाली आणि बंदूक घरी आली. पंचेचाळीस दिवसांचं नाव कुणी काढलं नाही.

दुसऱ्याच दिवशी पलीकडच्या वाडीतले एक निवृत्त सुभेदार बघायला आले. त्यांनी बंदूक मोडून आत काडतूस नाही ना ते पाहिलं, मग नळीच्या बुडाशी बोट फिरवलं आणि गप्प झाले. क्रमांकाच्या शेवटच्या दोन आकड्यांवरून कानस फिरली होती. “ही चोरीची आहे रे,” एवढंच म्हणाले.

रात्री पडवीत माणसं जमली. काकू आत चुलीपुढे रडत होत्या. जो तो सल्ला देत होता. एक म्हणाला, खाडीत टाकून दे, भरतीच्या वेळी. दुसरा म्हणाला, गोठ्याखाली पूर, दोन वर्षांनी बघू. तिसऱ्याचं म्हणणं, ज्याची त्याला गुपचूप नेऊन दे आणि पैसे माग. चौथा हळूच म्हणाला, तुला जशी मिळाली तशी तूही पुढे काढ. सुभेदारांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, “काल हिला हात लावलास तेव्हा तुला माहीत होतं?” काका म्हणाले, “देवाशप्पथ नाही.” “मग काल तू फसलास. आज तुला माहीत झालंय. आज रात्री जे करशील, ते जाणूनबुजून करशील.”

पुढे कायद्याची पुस्तकं वाचायला मिळाली तेव्हा समजलं, की सुभेदारांनी भारतीय दंड संहितेचं 411 वं कलमच आपल्या भाषेत सांगितलं होतं. चोरीचा माल, तो चोरीचा आहे हे ठाऊक असताना किंवा तसं मानायला कारण असताना, अप्रामाणिकपणे घेणं हा गुन्हा. आणि तसाच ठेवून घेणं हाही गुन्हा. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता आली, तिच्या 317 व्या कलमात हेच आहे. न कळत घेणारा सुटू शकतो, पण कळल्यावर ठेवणाऱ्याला ती वाट उरत नाही. ‘मानायला कारण’ हे शब्दही नीट वाचावेत. निम्मी किंमत, विकणाऱ्याकडे परवाना नाही, घासलेला नंबर, ही सगळी कारणंच होती.

पडवीतले चारही सल्ले या मापाने मोजून पाहावेत. खाडीत टाकली की पुरावा नाहीसा केला. पुरली की ठेवून घेतली. परत नेऊन दिली की कुणाला न कळवता हत्याराचा व्यवहार केला, आणि चोराच्या हाती पुन्हा बंदूक दिली. पुढे विकली तर आपणच चोरीच्या मालाचे व्यापारी झालो, आणि आणखी एका शेतकऱ्याला फसवलं ते वेगळंच.

सुभेदारांनी पाचवी वाट सांगितली. बंदूक रिकामी करून कुलपात ठेव. तिला आता कुणी हात लावायचा नाही, पुसायची नाही, तेल लावायचं नाही. तुझ्या बुकावर तिची नोंद नाही, म्हणून खांद्याला लावून रस्त्याने चालू नकोस. आधी वकिलाला गाठ, मग कागद घेऊन ठाण्यात जा. बंदूक कशी न्यायची ते पोलीस सांगतील. सकाळच्या पहिल्या एस.टी.ने काका तालुक्याला गेले. वकिलांनी अर्ज लिहून दिला: कधी घेतली, कुणाकडून, किती रुपयांना, पैसे देताना कोण हजर होतं, नंबर घासल्याचं कधी आणि कुणामुळे कळलं. सोबत पावती आणि खरेदीची परवानगी. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घेतल्याशिवाय उठायचं नाही, एवढं त्यांनी बजावलं होतं.

पोलीस आले, पंचनामा झाला, बंदूक गेली. काकांना जबाबासाठी तीनदा जावं लागलं. गावात कुजबुज झाली, सोयरीक बोलत होते त्यांनी महिनाभर तोंड दाखवलं नाही. पण काकांवर खटला झाला नाही. बंदुकीचा मालक दुसऱ्या जिल्ह्यात निघाला. बंदूक चोरीला गेली त्याच दिवशी त्याने ठाण्यात कळवलं होतं. परवान्याची ती अटच असते. कारखान्याचं नाव आणि शिल्लक राहिलेले आकडे त्याच्या बुकाशी जुळले. कोर्टाच्या हुकमाने त्याची बंदूक त्याला मिळाली.

काकांचे पैसे मात्र गेले ते गेलेच. इथे पुष्कळांना अन्याय वाटतो: माणूस प्रामाणिक, मग त्याने का सोसायचं? पण 1930 चा मालविक्रीचा कायदा साधी गोष्ट सांगतो, की जे ज्याच्या मालकीचं नाही ते तो दुसऱ्याच्या मालकीचं करून देऊ शकत नाही. काकांचं येणं विकणाऱ्याकडे होतं, मालकाकडे नव्हे. विकणारा सापडला तर दावा लावता येतो. तो सापडला नाही.

तरीही काकांची बाजू कायद्याने अगदीच उघडी टाकली नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने 1972 मध्ये गुणवंतलाल खटल्यात म्हटलं, की शस्त्र कायद्यातला ‘ताबा’ म्हणजे जाणिवेसह असलेला ताबा. घरात वस्तू असणं आणि ती काय आहे हे माहीत असणं, या दोन गोष्टी वेगळ्या. पण आपल्याला माहीत नव्हतं हे नुसतं बोलून भागत नाही. काकांच्या बाजूने बोलली ती पावती, ती पोच आणि दुसऱ्याच दिवसाची तारीख. तोच अर्ज सहा महिन्यांनी दिला असता, तर त्यावर कोण विश्वास ठेवणार?

आता काळ बदलला. 2016 चे शस्त्र नियम आले, परवानेवाल्याला देशपातळीवरच्या नोंदीत स्वतःचा क्रमांक मिळाला. 2019 च्या दुरुस्तीने परवान्याची मुदत तीनावरून पाच वर्षांवर गेली, आणि विनापरवाना बंदुकीची शिक्षा वाढून दोन ते पाच वर्षं झाली. निवडणूक आली की ठाण्यात बंदुका जमा करायला सांगतात. 2009, 2014 आणि 2019 च्या विधानसभेचं मतदान ऑक्टोबरात, म्हणजे नेमकं भातकापणीच्या दिवसांत आलं, म्हणून शेतकरी कुरकुरला. पण त्या रांगेत बुकावरचा नंबर नळीवरच्या नंबराशी ताडून पाहिला जातो, तेव्हा ज्याचा व्यवहार सरळ तो निवांत तंबाखू मळत बसतो.

दंड संहितेत चोरीच्या मालाची व्याख्या करताना शेवटी एक ओळ घातली आहे. तो माल ज्याचा हक्क आहे त्याच्या ताब्यात परत गेला, की तो चोरीचा राहत नाही. खाडीच्या तळाशी गेलेली बंदूक कायम चोरीचीच राहिली असती. वाडीतल्या एका माणसाने आंब्याच्या पैशांवर पाणी सोडलं, त्यामुळे ती पुन्हा कुणाच्या तरी शेताच्या राखणीला गेली.