शौर्यपदकांचा खरेखोटेपणा

आपल्या ज्ञातीतील कित्येक घराण्यांत आजोबा-पणजोबांची लष्करी पदके फडताळात किंवा ट्रंकेच्या तळाशी जपून ठेवलेली आढळतात. त्यांपैकी काही आता घराबाहेर पडून संग्राहकांच्या हाती गेली आहेत. जेथे वस्तूला मोल येते तेथे तिची नक्कलही मागोमाग येते. त्यामुळे पदकांच्या अस्सलपणाविषयी संग्राहकांत मोठे वाद माजलेले असतात. ते वाद हौशी मंडळींचे, आपणांस त्यांचे काय, असे म्हणून चालणार नाही. पदक नकली ठरले की त्यामागील माणसाच्या पराक्रमावरही संशयाची छाया पडते, आणि तो माणूस आपल्यापैकीच कोणाचा तरी पूर्वज असतो.

या वादांतील विशेष गाजलेला वाद व्हिक्टोरिया क्रॉसच्या धातूचा होय. २९ जानेवारी १८५६ रोजी स्थापन झालेले हे ब्रिटिश सेनेतील सर्वोच्च शौर्यपदक. हिंदी शिपायांना ते मिळण्याचा अधिकार १९११ साली दिल्ली दरबाराच्या प्रसंगी देण्यात आला. तोपर्यंत १८३७ पासून चालत आलेला ‘ऑर्डर ऑफ मेरिट’ हाच त्यांचा मोठा बहुमान होता. लंडनमधील हॅन्कॉक्स ही जवाहिऱ्यांची पेढी प्रारंभापासून हे पदक घडवीत आली आहे. क्रिमियाच्या युद्धात सेबॅस्टोपोल येथे रशियनांकडून जिंकून घेतलेल्या तोफांच्या काशापासून ते होते, अशी परंपरागत समजूत. कथा भव्य आहे, आणि कदाचित म्हणूनच ती तपासून पाहण्याची गरज बराच काळ कोणास वाटली नाही.

पुढे वुलविच येथील ज्या दोन तोफांची मागील टोके या कामासाठी कापलेली आहेत, त्यांची बारकाईने पाहणी झाली. तेव्हा त्या रशियन नसून चिनी घडणीच्या असल्याचे दिसून आले. क्ष-किरणांच्या साहाय्याने पदकांच्या धातूचे पृथक्करणही करण्यात आले. डिसेंबर १९१४ नंतरच्या पुष्कळ पदकांचा धातू जुन्या चिनी तोफांचा असावा, असा निष्कर्ष त्यातून निघाला. १९४२ ते १९४५ या काळात मूळ धातूचा साठा सापडेनासा झाल्याने काही पदके तिसऱ्याच धातूची करावी लागली, असेही मानले जाते. मग एखादे पदक ‘सेबॅस्टोपोलच्या धातूशी जुळत नाही’ म्हणून नकली ठरविणाऱ्या तज्ज्ञाचे काय करावे? तो ज्या मापाने मोजतो, ते मापच डळमळीत आहे.

दुसरी अडचण घडणीची. सामान्य पदके पोलादी ठशाखाली छापतात, म्हणून ती एकमेकांशी तंतोतंत जुळतात. व्हिक्टोरिया क्रॉसचा धातू आरंभी इतका कठीण निघाला की ठसेच फुटू लागले. त्यामुळे तो साच्यात ओतून मग हाताने साफसूफ करण्याची रीत पडली. परिणामी दोन अस्सल पदकांतही बारीकसारीक भेद राहतात. उलट, ज्याच्याजवळ एक अस्सल पदक आले, त्याला त्यावरून साचा घेऊन नक्कल ओतणे फारसे कठीण नाही.

तर मग खरेपणा कशाने सिद्ध होतो? माझ्या मते नावाने आणि कागदाने. या क्रॉसवरील आडव्या दांडीच्या पाठीमागे मानकऱ्याचा हुद्दा, नाव व पलटण, आणि क्रॉसच्या मागील वर्तुळात पराक्रमाची तारीख कोरलेली असते. ही अक्षरे ‘लंडन गॅझेट’मधील प्रसिद्ध वृत्तांताशी आणि पलटणीच्या दप्तराशी ताडून पाहता येतात.

उदाहरण आपल्याच मातीतील घ्यावे. माणगाव तालुक्यातील नाईक यशवंत घाडगे हे ५ व्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या बटालियनमध्ये होते. १० जुलै १९४४ रोजी इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, मशीनगनच्या माऱ्याने त्यांच्या तुकडीतील जवळजवळ सर्व जवान पडले. तेव्हा ते एकटेच धावून गेले. हातबाँबने त्यांनी मशीनगन बंद पाडली, एकास टॉमीगनने टिपले, आणि गोळ्या भरण्यास अवसर नाही असे पाहून उरलेल्या दोघांना बंदुकीच्याच तडाख्यांनी लोळविले. लगेच शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्यांनी त्यांना वीरमरण आले. वय अवघे बावीस. त्याच पलटणीच्या पहिल्या बटालियनमधील, नगर जिल्ह्यातील शिपाई नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीकाठी दोन जखमी सोबत्यांना खोल पाण्यातून व सुरुंगांतून वाचवून आणले आणि मग शत्रूची मशीनगनची ठाणी उद्ध्वस्त केली. जाधव हे आडनाव इंग्रजी लेखांत कोठे ‘जाधाव’ तर कोठे ‘जादव’ असे वाचावे लागते. मराठी नावांची अशी ओढाताण इंग्रज कारकुनांच्या हातून सर्रास होत असे. तेव्हा घरातील पदकावर आडनाव वेडेवाकडे दिसले म्हणून बिचकू नये. केवळ तेवढ्यावरून नकलेचा निवाडा करणारा संग्राहक आपल्या भाषेविषयीच अज्ञ समजावा.

आपल्या घरांत अधिक आढळतात ती मात्र साधी पदके: पहिल्या महायुद्धातील रुपेरी युद्धपदक आणि काशाचे विजयपदक. दोहोंचा व्यास सुमारे ३६ मिलिमीटर, आणि दोहोंच्या कडेवर शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव व पलटण उमटविलेली असते. मजूर तुकड्यांतील लोकांना युद्धपदक चांदीऐवजी काशाचे मिळाले. म्हणून काशाचे युद्धपदक पाहून ते खोटे समजणे ही घोडचूक होय. लबाडी होते ती निराळ्या प्रकारे. मूळ नाव कानशीने घासून काढतात व अधिक नामांकित पलटणीतील शिपायाचे नाव त्या जागी घालतात. अशा पदकाचा व्यास किंचित घटलेला असतो. मोजमापाचे साधन लावताच चोरी उघडी पडते. पण चिंच व राख लावून दर दसऱ्याला पदक उजळणारी आपली मंडळीही अजाणता तेच काम हळूहळू करीत असतात!

चांदीच्या पदकांची आणखी एक कथा आहे. १९७९-८० च्या सुमारास चांदीचा भाव भडकला, तेव्हा जगभर अशी असंख्य युद्धपदके मुशीत गेली. म्हणून पुष्कळ घरांत आज विजयपदक तेवढे उरले आहे. जोडी मोडलेली पाहून संग्राहक त्याची किंमत पाडतो. परंतु कडेवरील नाव व क्रमांक दप्तराशी जुळत असतील, तर त्या सुट्या पदकाच्या अस्सलपणात काडीचेही उणे येत नाही.