चष्म्याचे निम्मे पैसे

परवा चष्म्याचा नंबर बदलला म्हणून दुकानात गेलो. काचांचे वेगळे, फ्रेमचे वेगळे असा हिशेब झाला आणि आकडा ऐकून मी फ्रेम जुनीच ठेवली. परतताना मात्र डोक्यात भलताच विषय सुरू झाला. चष्म्याचे निम्मे पैसे लोकांकडून घ्यायचे की नाही, एवढ्या प्रश्नावरून एकदा इंग्लंडमधल्या तीन मंत्र्यांनी राजीनामे दिले होते. (घरची मंडळी म्हणतील, झाले, मास्तर सुरू झाले! पण ब्लॉग माझा आहे आणि इथे तासाची घंटा होत नाही.)

मी आयुष्यभर इतिहास शिकवला. आमच्या पुस्तकात क्लेमंट ॲटली एकाच धड्यात भेटायचे. २० फेब्रुवारी १९४७ ची घोषणा, मग माउंटबॅटन, मग १५ ऑगस्ट, की ॲटली संपले. क्रिप्स तर १९४२ च्या योजनेपुरतेच. एखादा चौकस मुलगा विचारायचा, "सर, चर्चिलने महायुद्ध जिंकले, मग तो निवडणूक कसा हरला?" मी सांगायचो, "लोकांना बदल हवा होता," आणि पुढच्या मुद्द्याकडे वळायचो. कसला बदल, ते मी निवृत्तीनंतर सवडीने वाचले.

जुलै १९४५ मध्ये ॲटलींच्या मजूर पक्षाने ३९३ जागा जिंकल्या. युद्धाआधीची बेकारी लोक विसरले नव्हते. आजारपण, बेकारी, म्हातारपण यांत सरकारने पाठीशी उभे राहावे, असे सांगणारा बेव्हरिज अहवाल १९४२ मध्येच आलेला होता. मजूर पक्षाने ते करून दाखवू म्हटले आणि लोकांनी विश्वास ठेवला.

पण तिजोरीत होते काय? युद्धाने देश कफल्लक झालेला. अमेरिकेकडून ३७५ कोटी डॉलरचे कर्ज काढावे लागले. आपल्या हिंदुस्थानचेही शंभर कोटी पौंडांहून अधिक देणे त्यांच्या डोक्यावर होते. अशा अवस्थेत या सरकारने कोळशाच्या खाणी आणि रेल्वे ताब्यात घेतल्या, दहा लाखांच्या आसपास घरे बांधली, आणि ५ जुलै १९४८ पासून राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू केली. डॉक्टर, औषध, शस्त्रक्रिया, कवळी, चष्मा, सगळे मोफत!

ही सेवा उभी करणारा मंत्री अन्यूरिन बेव्हन. वेल्समधल्या ट्रेडेगर गावचा, वयाच्या तेराव्या वर्षी खाणीत उतरलेला. वडीलही खाणकामगार, ते छातीत कोळशाची धूळ साचून गेले. आजारी माणसाच्या खिशाकडे पाहून उपचार ठरू नयेत, हे त्याने पुस्तकात वाचलेले नव्हते.

पहिल्याच वर्षी पन्नास लाखांहून अधिक चष्मे गेले. खर्चाचे अंदाज साफ कोसळले. टीकाकार म्हणाले, फुकट आहे म्हणून लोक घेतात. पण तोवर गरीब माणूस काय करत होता? दुकानात मांडलेले तयार चष्मे एकेक डोळ्याला लावून बघायचा आणि त्यातल्या त्यात बरे दिसेल तो घ्यायचा. वर्षानुवर्षांची तुंबलेली गरज होती ती.

इथे एक जुनी गोष्ट सांगतो. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात माझ्या वर्गात एक मुलगा होता. फळ्यावरचे काही धड उतरवायचा नाही, शेजाऱ्याच्या वहीत डोकावायचा. मी त्याला आळशी ठरवले, दोन-तीनदा कानही पिळला. पुढे नेत्रतपासणीचे शिबिर झाले तेव्हा कळले की त्याला फळा दिसतच नव्हता. वडिलांची ऐपत नव्हती. आम्ही शिक्षकांनी वर्गणी काढून चष्मा दिला. त्यानंतर तो पहिला-बिहिला आला नाही, पण डोकावणे थांबले. तो कान पिळलेला हात मला अजून आठवतो. म्हणून चष्मा ही बारीकसारीक बाब आहे, असे कोणी म्हटले की मला पटत नाही.

असो. इंग्लंडकडे परत जाऊ.

इकडे लोक वैतागले होते. युद्ध जिंकूनही रेशन सुटेना. उलट जो पाव युद्धातही खुला होता, त्यावर जुलै १९४६ पासून दोन वर्षे रेशन आले. १९४७ च्या हिवाळ्यात कोळसा संपला, १९४९ मध्ये पौंडाची किंमत चार डॉलरवरून २.८० वर आणावी लागली. रांगेत ताटकळणाऱ्या गृहिणीला दवाखाना मोफत असल्याचे कौतुक होते, पण दवाखाना वर्षातून दोनदा आणि रांग रोजची! फेब्रुवारी १९५० च्या निवडणुकीत बहुमत अवघे पाचवर आले.

त्यातच जूनमध्ये कोरियाचे युद्ध पेटले. अमेरिकेच्या बरोबरीने उभे राहायचे म्हणून तीन वर्षांत ४७० कोटी पौंड शस्त्रसज्जतेवर खर्च करायचे ठरले. नवे अर्थमंत्री ह्यू गेटस्केल यांनी १० एप्रिल १९५१ च्या अंदाजपत्रकात प्राप्तिकर वाढवला आणि कवळ्या-चष्म्यांची निम्मी किंमत लोकांकडून घ्यायचे जाहीर केले. त्यातून त्या वर्षी वाचणार होते १ कोटी ३० लाख पौंड. आरोग्य सेवेचा खर्च तेव्हा ४० कोटींच्या घरात होता.

गेटस्केल दुष्ट नव्हते. त्याच अंदाजपत्रकात त्यांनी म्हाताऱ्यांची पेन्शनही वाढवली. त्यांचे म्हणणे आपल्या भाषेत सांगायचे तर अंथरूण पाहून पाय पसरावेत. बेव्हनचे म्हणणे, अंथरूण तोकडे आहे हे मान्य, पण तोफा आत घ्यायच्या आणि चष्मेवाल्याचे पाय बाहेर काढायचे, हे कोणी ठरवले? एकदा तत्त्वाला भोक पडले की पुढचा माणूस ते मोठे करणारच. शिवाय एवढी शस्त्रे या मुदतीत तयारच होणार नाहीत, असेही तो सांगत होता. मिटवणारा वडीलधारा माणूस जवळ नव्हता, ॲटली तेव्हा इस्पितळात होते. २२ एप्रिलला बेव्हनने राजीनामा दिला. पाठोपाठ हॅरॉल्ड विल्सन आणि कनिष्ठ मंत्री जॉन फ्रीमन गेले.

ऑक्टोबर १९५१ मध्ये पुन्हा निवडणूक झाली. निकाल मोठा चमत्कारिक. मजूर पक्षाला एक कोटी एकोणचाळीस लाख मते पडली, विरोधकांपेक्षा दोन लाखांहून जास्त. तरी जागा २९५, आणि चर्चिलच्या बाजूला ३२१. मजूर पक्षाची मते त्यांच्याच बालेकिल्ल्यांत साठून राहिली, आणि जिथे उदारमतवाद्यांचा उमेदवार नव्हता तिथली बरीच मते चर्चिलकडे गेली. म्हणजे कामगारांनी पक्ष सोडला नव्हता. वैताग होता तो मधल्या मतदाराचा, आणि त्याच्यासमोर हे नेते आपापसांत भांडताना दिसले. पुढची तेरा वर्षे पक्ष सत्तेबाहेर राहिला.

त्याच डिसेंबरात चर्चिल यांनी संसदेत मान्य केले की ठरलेली रक्कम मुदतीत खर्च होणार नाही. बेव्हनचा हिशेब बरोबर निघाला, पण सरकार गेलेले होते. भोकाचेही खरे ठरले. १९५२ मध्ये औषधाच्या चिठ्ठीवर एक शिलिंग बसला. विल्सन पंतप्रधान झाल्यावर १९६५ मध्ये त्यांनी तो काढला आणि १९६८ मध्ये तिजोरी आटल्यावर पुन्हा आकार लावला. राजीनामा दिलेल्या त्याच विल्सननी!

अलीकडेही तेच पाहिले. जुलै २०२४ मध्ये सत्तेवर येताच मजूर सरकारने बहुतेक वृद्धांचा हिवाळी इंधनभत्ता बंद केला, वर्षाला सुमारे दीडशे कोटी पौंड वाचवायला. मे २०२५ मध्ये स्थानिक निवडणुकांत दणका बसला आणि जूनमध्ये बराचसा भत्ता परत द्यावा लागला. ठरवले तेवढे पैसेही वाचले नाहीत, नावही गेले.

काटकसर करूच नये असे मी म्हणत नाही. घर चालवलेल्या माणसाला ते म्हणता येणार नाही. पण घरात ओढ लागली तर आपण आधी काय कमी करतो, यावरून घर ओळखू येते. आईच्या औषधाला कात्री लावून कोणी दाराला रंग दिला, तर त्यात किती रुपये वाचले हे शेजारी विचारत नाहीत.

पुन्हा वर्गात उभे राहायला मिळाले तर त्या चौकस मुलाला नीट उत्तर देईन. तास संपला तरी चालेल.