क्रोम डिलीट

क्रोम डिलीट म्हणजे मोटारगाडीच्या खिडक्यांभोवतीच्या चकचकीत, धातूच्या रंगाच्या पट्ट्या झाकून, रंगवून अथवा बदलून काळ्या करणे होय. व्यापक अर्थाने दर्शनी जाळी, बोधचिन्हे व दारांच्या मुठी यांच्या बाबतीतही ही संज्ञा वापरतात. तथापि बहुतेक गाडीमालक हे काम खिडक्यांच्या चौकटीपासूनच सुरू करतात आणि पुष्कळदा तेथेच थांबतात. संज्ञेचा शब्दशः अर्थ ‘क्रोम काढून टाकणे’ असा असला, तरी बहुधा क्रोम निघत नाही, तो झाकला जातो. आणि अनेक गाड्यांत जे झाकले जाते ते मुळात क्रोम नसतेच. कामाची पद्धत, त्याचा टिकाऊपणा आणि त्यातील धोका ही तिन्ही पट्टी कोणत्या पदार्थाची आहे यावर अवलंबून असतात.

संज्ञा

क्रोमियम हे मूलद्रव्य फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई निकोला वोक्लँ यांनी १७९७ मध्ये शोधले. त्याची संयुगे लाल, पिवळी, हिरवी अशा नाना रंगांची असल्यामुळे ‘रंग’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याला नाव मिळाले. रंगांवरून नाव पडलेला हा धातू पुढे रंगहीन चकाकीसाठीच प्रसिद्ध व्हावा, हा एक गमतीदार योगायोग आहे. एका पदार्थावर धातूचा पातळ थर चढविण्याला मराठीत ‘मुलामा’ हा चांगला रूढ शब्द आहे. ‘कल्हई’ हा शब्द भांड्यांवरील कथिलाच्या थरासाठी वापरतात. तो येथे योजणे योग्य नव्हे. मोटारींच्या सुट्या सामानाच्या दुकानांत खिडकीच्या खालच्या कडेवरील पट्टीला ‘विंडो गार्निश’ आणि काचेला घासून बसणाऱ्या रबरासह येणाऱ्या पट्टीला ‘बीडिंग’ किंवा ‘वेदर स्ट्रिप’ म्हणतात.

पट्टीचा पदार्थ

खिडकीची ‘क्रोम’ पट्टी प्रत्यक्षात निरनिराळ्या पदार्थांची असते. एबीएस या प्लॅस्टिकवर तांबे, निकेल आणि शेवटी क्रोमियम असे थर चढविलेली पट्टी हा एक प्रकार. यात चमक दिसते ती मुख्यतः निकेलाच्या थराची. वरचा क्रोमियमचा थर बहुधा अर्ध्या मायक्रोमीटरहूनही पातळ असतो आणि निकेल काळवंडू नये एवढेच त्याचे काम असते. दुसरा प्रकार गंजरोधक पोलादाच्या पट्टीचा. ती घासून चकचकीत केलेली असते, तिच्यावर मुलामा असतोच असे नाही. तिसरा प्रकार ॲनोडीकरण केलेल्या ॲल्युमिनियमचा असून तो विशेषतः जर्मन बनावटीच्या महागड्या गाड्यांत आढळतो. ॲनोडीकरणात बाहेरून दुसरा धातू चढवीत नाहीत. ॲल्युमिनियमच्याच पृष्ठभागावर विद्युत्‌प्रवाहाच्या साहाय्याने ऑक्साइडचा पारदर्शक, कठीण थर तयार करतात.

हा थर तीव्र आम्लात किंवा तीव्र अल्कलीत टिकत नाही. गाडी धुण्यासाठी कडक अल्कधर्मी द्रावण वारंवार वापरल्यास पट्टीवर दुधाळ डाग व ओघळ पडतात आणि कितीही पुसले तरी जात नाहीत. क्रोम डिलीट करून घेणाऱ्यांपैकी काहींचा हेतू फॅशनचा नसून हे डाग झाकण्याचा असतो. मुलामा दिलेल्या प्लॅस्टिकचे दुखणे वेगळे: त्याच्या कडांना फोड येतात आणि मुलामा पापुद्र्यासारखा सुटतो. अशा पोपड्यावर फिल्म चिकटविली तर पापुद्र्यासकट ती निघून येते.

पदार्थ ओळखण्यासाठी लोहचुंबक उपयोगी पडतो, पण तो संपूर्ण निर्णायक नाही. चुंबक चिकटला तर पट्टी पोलादाची आहे असे समजावे. न चिकटल्यास ती ॲल्युमिनियमची, प्लॅस्टिकची किंवा अचुंबकीय गंजरोधक पोलादाचीही असू शकते. नखाने टिचकी मारल्यास प्लॅस्टिकचा बद्द आवाज येतो, आणि सकाळच्या गारव्यात ते धातूइतके थंड लागत नाही. खऱ्या क्रोमला किंचित निळसर झाक असते, तर ॲल्युमिनियम करडेपणाकडे झुकते.

इतिहास

मोटारींच्या आरंभकाळात चकाकणारे भाग पितळेचे असत. पुढे निकेलाचा मुलामा आला. दोन्ही काळवंडत आणि सतत घासावे लागत. कोलंबिया विद्यापीठात कॉलिन फिंक यांनी १९२०च्या दशकात क्रोमियमच्या मुलाम्याची व्यवहार्य पद्धत सिद्ध केली, आणि क्रोमचा मुलामा घेऊन बाजारात आलेल्या आरंभीच्या मोटारींत १९२६च्या ओल्ड्समोबिलचा उल्लेख होतो. पुसल्यावर लख्ख दिसणारी आणि पावसात न काळवंडणारी ही चकाकी थोड्याच वर्षांत संपन्नतेचे चिन्ह बनली. कोरियन युद्धाच्या काळात अमेरिकेत निकेल युद्धसामग्रीकडे वळविले गेल्याने काही काळ मोटारींवरचा मुलामा निकृष्ट झाला, तो लवकर गंजला. तरीही हौस ओसरली नाही. जनरल मोटर्सचे रचनाप्रमुख हार्ली अर्ल यांच्या अखेरच्या वर्षांतील, म्हणजे १९५८च्या ब्यूइक आणि ओल्ड्समोबिल गाड्या या हौसेची परिसीमा मानल्या जातात.

यानंतर चकाकीला उतार लागला. अमेरिकेत १९६८पासून लागू झालेल्या एका सुरक्षा-मानकाने चालकाच्या नजरेसमोरील वायपरचे दांडे, हॉर्नची कडी, आरशाची चौकट यांसारख्या धातूच्या भागांच्या चकाकीवर मर्यादा घातली, कारण त्यांवरून परावर्तित ऊन डोळे दिपविते. युरोपात १९७६च्या फोक्सवॅगन गोल्फ जीटीआयने मागच्या काचेभोवतीची काळी चौकट ही वेगवान गाडीची खूण म्हणून रूढ केली. बीएमडब्ल्यूने काळ्या पट्ट्यांना ‘शॅडो लाइन’ असे नाव देऊन त्या जादा किमतीचा पर्याय म्हणून विकल्या. पुढे इतर उत्पादकांनीही ‘नाइट’, ‘ब्लॅक’ अशा नावांचे संच आणले. एकेकाळी क्रोम कमी म्हणजे गाडी स्वस्तातली असा समज होता. आता क्रोम नसण्याचेच पैसे घेतले जाऊ लागले.

काळ्या पट्टीचा दृश्य परिणाम समजण्यासाठी गाडी बाजूने पाहावी. खिडक्यांभोवतीची उजळ रेषा काचांच्या आकाराची बाह्यरेखा आखते. त्यामुळे काच आणि पत्रा वेगळे दिसतात आणि गाडीला औपचारिक, सेडानसारखी ठेवण येते. ही रेषा काळी केली की काच, रबर आणि दारांमधील खांब यांचा एकच गडद पट्टा होतो, छत ठेंगणे व लांबट भासते. पांढऱ्या, लाल किंवा करड्या गाडीवर हा फरक चटकन जाणवतो. काळ्या गाडीवर मात्र चौकट पत्र्यात मिसळून जाते. गडद मरून अथवा गडद हिरव्या रंगाच्या जुन्या धर्तीच्या गाडीवर क्रोमच अधिक शोभते, असे मानणारे रसिकही थोडे नाहीत.

पद्धती

सर्वांत प्रचलित पद्धत व्हिनाइल फिल्म चिकटविण्याची आहे. ओतीव पद्धतीने बनविलेली फिल्म सुमारे ०.१ मिलिमीटर जाडीची असून वळणांवर चांगली बसते. लाटून बनविलेली स्वस्त फिल्म ताणल्यावर आकसून मूळ आकाराकडे जाऊ पाहते आणि कोपऱ्यात उचलली जाते. पट्टी शाम्पूने धुऊन, मेण व तेलकटपणा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, शक्य असल्यास काचेलगतचे रबर सैल करून फिल्म लावतात. कोपऱ्यावर हीट गनने हलकी ऊब देऊन ती वळवितात, कड रबराखाली दुमडतात आणि शेवटी सर्व लांबीवर पुन्हा उष्णता देतात. ही अखेरची उष्णता फिल्ममधील ताण घालविण्यासाठी असते. ती सुमारे ९५ ते १०५ अंश सेल्सिअसपर्यंत न्यावी लागते. घाईच्या कामात हीच पायरी गाळली जाते आणि काही आठवड्यांत कोपरे सुटतात. कटर थेट पट्टीवर वा पत्र्यावर चालविल्यास रंगावर जी बारीक चीर पडते, तिथून पुढे गंज धरतो. म्हणून जाणते कारागीर फिल्मखाली दोरा असलेली विशेष चिकटपट्टी लावतात आणि तो दोरा ओढून फिल्म कापतात. फिल्म पुढे काढता येते, हा तिचा मोठा गुण होय.

सोलून काढता येणाऱ्या रबरी रंगाचा फवारा ही दुसरी पद्धत. त्याचे अनेक थर द्यावे लागतात. थर पातळ राहिल्यास तो सलग न निघता तुकड्यातुकड्यांनी निघतो, आणि पेट्रोल सांडल्यास विरघळतो.

कायम रंगकाम अधिक टिकते, पण त्यात पूर्वतयारीच मुख्य असते. क्रोमच्या गुळगुळीत पृष्ठभागावर रंगाला धरायला काहीच नसते; म्हणून तो पॉलिश पेपरने खरवडून, पदार्थानुसार योग्य प्रायमर देऊन मग काळा रंग व पारदर्शक थर देतात. दोन घटक मिसळून वापरायच्या रंगांत आयसोसायनेट असतात व त्यांच्या फवाऱ्याने दमा जडू शकतो. साधा कापडी मुखपट्टा तेथे निरुपयोगी ठरतो. धातूची पट्टी गाडीवरून उतरविल्यास तिला पावडर कोटिंगही करता येते. त्यासाठी भट्टीचे तापमान साधारणतः १८० ते २०० अंश असते, ज्यात एबीएसची पट्टी वितळून वाकडी होते. पदार्थ न ओळखता काम दिल्याचा हा सर्वांत ढोबळ परिणाम.

उत्पादकाने बनविलेली काळी पट्टी बसविणे हा खर्चिक परंतु सर्वांत नीटस मार्ग होय. जुनी पट्टी काढताना आतील क्लिपा तुटतात, म्हणून नव्या क्लिपा आधीच मागविणे श्रेयस्कर. काही गाड्यांत दाराचे आतील आवरणही उतरवावे लागते.

आरोग्य आणि पर्यावरण

तयार पट्टीवरील धातुरूप क्रोमियम स्पर्शाला निरुपद्रवी आहे. धोका तो चढविताना आणि रसायनांनी उतरविताना असतो. पारंपरिक मुलाम्याच्या हौदात क्रोमियम ट्रायऑक्साइडचे, म्हणजे षट्‌संयुजी क्रोमियमचे द्रावण असते. विद्युत्‌प्रवाह सुरू असताना हायड्रोजनचे बुडबुडे फुटून त्याचे सूक्ष्म तुषार हवेत मिसळतात. या तुषारांमुळे कामगारांच्या नाकातील पडद्याला छिद्र पडते, त्वचेवर खोल व्रण होतात. षट्‌संयुजी क्रोमियमचा समावेश मानवी कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात आहे आणि फुप्फुसाच्या कर्करोगाशी त्याचा संबंध प्रस्थापित झालेला आहे. एबीएसवर मुलामा देताना हा पदार्थ दोनदा लागे: आधी प्लॅस्टिक खरबरीत करण्यासाठी व नंतर मुलाम्यासाठी. खिडकीची पट्टी काळी की रुपेरी हा ग्राहकाला आवडीचा प्रश्न वाटतो; हौदाशेजारी उभ्या असलेल्या कामगाराला तो तसा नसतो.

युरोपीय संघात २१ सप्टेंबर २०१७ नंतर क्रोमियम ट्रायऑक्साइडचा वापर परवान्याविना करता येत नाही. कॅलिफोर्निया राज्याने २०२३ मध्ये शोभेच्या मुलाम्यातून षट्‌संयुजी क्रोमियम टप्प्याटप्प्याने हद्दपार करण्याचा नियम मंजूर केला. त्याच वर्षी स्टेलांटिस समूहाने आपल्या नव्या गाड्यांतील क्रोम थांबविण्याचे धोरण जाहीर केले. त्रिसंयुजी क्रोमियमचे हौद हा कमी घातक पर्याय १९७०च्या दशकापासून उपलब्ध आहे; त्याची छटा जराशी गडद येते, आणि उजळपणाच्या हट्टामुळे तो दीर्घकाळ मागे पडला. मात्र आधीच बनलेली पट्टी फिल्मखाली झाकल्याने यातील कोणताही अपाय कमी होत नाही. उलट वापरलेली फिल्म पीव्हीसीची असते आणि तिची विल्हेवाट ही वेगळीच अडचण असते.

घरगुती प्रयोगांत क्रोम उतरविण्यासाठी कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात पट्टी बुडवून बॅटरीचा प्रवाह उलटा सोडण्याची युक्ती सांगितली जाते. तिने क्रोम खरोखर निघतो, परंतु तो क्रोमेटच्या रूपात विरघळतो. द्रावणाला येणारा पिवळा रंग षट्‌संयुजी क्रोमियमचाच असतो. असे पाणी मोरीत किंवा जमिनीवर ओतणे अत्यंत घातक आहे. फिल्म, रंग आणि नवी पट्टी असे तीन पर्याय असताना या युक्तीचे समर्थन करता येत नाही.

भारतातील स्थिती

मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात बनणाऱ्या प्रीमियर पद्मिनीचे आणि हिंदुस्तान ॲम्बॅसडरचे चकचकीत बंपर भारतीयांच्या दोन पिढ्यांनी पाहिले. नव्या गाड्यांतही क्रोमची पट्टी वरच्या किमतीच्या प्रकाराची ओळख मानली गेली. त्यामुळे साध्या प्रकाराची गाडी घेऊन तिच्यावर दुहेरी चिकटपट्टीने चकचकीत विंडो गार्निश लावून घेण्याची पद्धत अजूनही जोरात आहे. एकाच दुकानात एक ग्राहक क्रोम चढवून घेतो आणि दुसरा झाकून घेतो. उत्पादकांपैकी टाटा मोटर्सने २०१९ मध्ये हॅरियरची ‘डार्क’ आवृत्ती आणल्यावर तिला मोठी मागणी आली. २०२२ मध्ये ह्युंदाईने क्रेटाची ‘नाइट’ आवृत्ती आणि २०२३ मध्ये मारुतीने नेक्सा दालनांतील गाड्यांच्या काळ्या आवृत्त्या काढल्या.

उन्हाळ्यात भर उन्हात उभ्या गाडीची काळी पट्टी हाताला चटका देण्याइतकी तापते. खिडकीच्या खालच्या पट्टीवर ऊन अधिक थेट पडते आणि काच खाली-वर होताना धूळ घासली जाते, म्हणून फिल्म प्रथम तेथेच खराब होते. डोंबिवली किंवा अलिबागसारख्या दमट हवेत कडेतून शिरलेला ओलावा ती लवकर उचलतो.

पट्टी काळी करणे आणि काच काळी करणे यांत कायद्याच्या दृष्टीने मोठा फरक आहे. काचेतून किमान किती प्रकाश आरपार जावा हे केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १०० ठरवितो; पुढच्या व मागच्या काचेसाठी ते प्रमाण ७० टक्के आणि बाजूच्या काचांसाठी ५० टक्के आहे. सर्वोच्च न्यायालयाने २७ एप्रिल २०१२ रोजी काचांवर काळ्या फिल्म लावण्यास मनाई केली. तो निकाल काचेविषयी असून पट्टीला लागू होत नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ वर्णनाहून वेगळे होतील असा बदल करता येत नाही. त्या प्रमाणपत्रात गाडीच्या रंगाची नोंद असते, खिडकीच्या पट्टीची नसते.